सावधपणा आणि संशय



पावसाळा लागला की दर शनिवार-रविवारी आपल्या जव्हारला पाहुण्यांची रीघ लागते. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, जयविलास राजवाडा पाहायला मुंबई, ठाणे, नाशिक इथून गाड्या येतात. आपले रस्ते अरुंद. मग गाड्या घरांच्या दारात, दुकानांच्या पुढ्यात, जिथे जागा सापडेल तिथे उभ्या राहतात. त्यामुळे रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात.

पहिली तक्रार पार्किंगची. राहणाऱ्यांना परवाने द्यावेत, त्यांच्या गाडीच्या काचेवर स्टिकर असावे आणि स्टिकर नसलेल्या गाडीला गल्लीत थांबू देऊ नये, असे काहींचे म्हणणे आहे. दुसरी तक्रार माणसांची. "फादर, हल्ली अनोळखी माणसे फार दिसतात." कुणी तिन्हीसांजेला गाडी उभी करून आत बसून असतो, कुणी पाड्याजवळ फिरतो, कुणी पोरांचे फोटो काढतो. मग आपल्यापैकीच कुणीतरी त्या माणसाचा फोटो मोबाइलवर घेतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, "सर्वांनी सावध राहावे."

या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच दमात सांगितल्या जातात. सांगणाऱ्याला त्यांत फरक वाटत नाही. माझ्या मते मात्र तो फरक फार महत्त्वाचा आहे. एक तक्रार गाडीबद्दल आहे, दुसरी माणसाबद्दल. गाडीबद्दल आपण पुष्कळ काही ठरवू शकतो. माणसाबद्दल काय ठरवावे आणि किती ठरवावे, हा नीतीचा प्रश्न आहे. आज त्याविषयी थोडा विचार करू या.

रस्ता कुणाचा?

आधी गाडीचे पाहू. ही तक्रार खोटी नाही. आपल्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात जव्हारचेच काय, मोखाड्याच्या दूरच्या पाड्यांवरचे रुग्ण येतात. अडलेली बाळंतीण, साप चावलेला शेतकरी, तापाने फणफणलेले मूल घेऊन निघालेल्या गाडीला वाटेत आडवी लावलेली कार भेटली, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी दहा मिनिटे म्हणजे एक जीव असू शकतो. म्हणून रस्ता मोकळा असावा ही मागणी न्यायाची आहे.

पण रस्ता मोकळा असावा आणि रस्ता आपला असावा, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. माझ्या घरासमोरची जागा माझीच, असे आपल्याला सहज वाटते. कायद्याने ते खरे नाही. घराची हद्द संपते तिथे सार्वजनिक रस्ता सुरू होतो. गाड्या कुठे थांबाव्यात हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, आणि तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. दारापुढे ठेवलेला दगड, कुंडी किंवा हाताने रंगवलेली "नो पार्किंग"ची पाटी यांना कायद्याचे बळ नसते. तेव्हा परवान्याची कल्पना कुणाला योग्य वाटत असेल, तर तिची जागा नगर परिषदेत आहे. तिथे अर्ज द्यावा, चर्चा व्हावी, पाहुण्यांसाठी गावाबाहेर वाहनतळाची सोय मागावी.

असे नियम इतरत्रही झाले आहेत. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबवतात. पुढे खासगी मोटारीने जाता येत नाही. येणाऱ्यांकडून प्रवासी कर घेतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने उटी आणि कोडाइकनालला ७ मे २०२४ पासून पर्यटकांच्या वाहनांना ई-पास लागू झाला, कारण त्या डोंगरांना गाड्यांचा भार सोसेनासा झाला होता. पुणे महानगरपालिकेने २०१८ साली रस्त्यावर गाडी लावण्यासाठी शुल्क घेण्याचे धोरण आणले तेव्हा पुणेकरांनीच मोठा विरोध केला. जागा थोडी आणि गाड्या फार, हे दुखणे सगळीकडे आहे. त्यावर नियम करणे यात काही पाप नाही. राहणाऱ्यांना थोडी सवलत देणे यातही नाही.

मात्र नियम न्यायाचा आहे की नाही हे ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा. समजा उद्या गल्लीत भरपूर जागा झाली. कुणाची वाट अडत नाही, कुणाचे दार बंद होत नाही. तरीही त्या परगावच्या गाडीने तिथे थांबू नये असे मला वाटते का? उत्तर "नाही" असेल, तर माझी तक्रार खरोखर पार्किंगची आहे. उत्तर "हो" असेल, तर परवाना हे निमित्त आहे. मला गाडी नको आहे असे नाही, मला तो माणूस नको आहे.

"गाडी आडवी लावू नये" हा नियम कृतीबद्दल आहे. तो एमएच ४८ लाही लागू आहे आणि एमएच १५ लाही. पाहुण्यालाही आणि आपल्या घरच्या जावयालाही. "परक्याने इथे दिसू नये" हा नियम माणसाबद्दल आहे. त्यात त्याने काय केले याला महत्त्व नाही. तो आपल्यातला नाही, एवढाच त्याचा अपराध.

जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७९५ साली चिरशांतीवर एक छोटा निबंध लिहिला. परक्या भूमीवर आलेल्या माणसाला केवळ तो आला म्हणून शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क आहे, असे त्याने त्यात मांडले. हा हक्क तिथे कायमचे राहण्याचा नव्हे, येऊन भेटण्याचा. त्यामागचे कारण सोपे आहे. पृथ्वी गोल आहे, मर्यादित आहे. माणसे तिच्यावर कायमची पांगून एकमेकांपासून दूर राहू शकत नाहीत. कुठे ना कुठे ती समोरासमोर येणारच. कांटने हे राष्ट्रांविषयी लिहिले, पण ते गल्लीलाही लागू पडते. आणि आपल्याला तर ते नवे नाही. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, ही गोष्ट आपण प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो. परगावाहून आलेल्या माणसाचे स्वागत हीच ज्या गावाची अभिमानाची कथा, त्या गावाने परगावच्या माणसाला पाहताच कपाळाला आठ्या घालणे बरे दिसत नाही.

संशयाच्या तीन पायऱ्या

आता माणसाकडे वळू. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्विनस शिकवीत. तेराव्या शतकातला हा साधू पुरुष अवघड ग्रंथांसाठी प्रसिद्ध आहे, पण संशयाविषयी त्याने जे लिहिले ते आपल्या नाक्यावर बसून लिहावे इतके ओळखीचे आहे. संशय येतो तो तीन कारणांनी, असे तो म्हणतो. एक, माणूस स्वतः वाईट असला की त्याला दुसऱ्यातही वाईटच दिसते. दोन, एखाद्यावर आपला आधीच राग किंवा मत्सर असला की बारीकशी खूणही पुरावा वाटू लागते. तीन, दीर्घ अनुभवाने. म्हातारी माणसे जास्त संशयी असतात, कारण त्यांनी फसवणूक अनेकदा पाहिलेली असते.

मग तो संशयाच्या पायऱ्या सांगतो. क्षुल्लक खुणेवरून एखाद्याच्या चांगुलपणाबद्दल मनात शंका येणे ही पहिली पायरी. हे माणसाच्या स्वभावातच आहे, आणि तो दोष लहान आहे. त्याच क्षुल्लक खुणेवरून "हा वाईटच" अशी खात्री करून घेणे ही दुसरी. गोष्ट गंभीर असेल तर ते मोठे पाप. आणि केवळ संशयावरून एखाद्याला शिक्षा ठोठावणे ही तिसरी पायरी. तो सरळसरळ अन्याय आहे.

यावर आपण म्हणू, "फादर, मग काय डोळे मिटून बसायचे?" अक्विनसने याही प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. तो म्हणतो, संकटावर उपाय करायचा असेल तेव्हा वाईटात वाईट काय होईल ते धरून चालणे योग्य आहे. कारण मोठ्या संकटाला पुरणारा उपाय लहानाला पुरतोच. पण माणसाबद्दल मत ठरवायचे असेल तेव्हा, उघड पुरावा नसेल तर, चांगलेच धरून चालावे. असे केल्याने आपण पुष्कळदा फसू, हे तो मान्य करतो. तरीही वाईटाला चांगला समजून अनेकदा फसलेले बरे. चांगल्याला वाईट समजून थोड्या वेळाच चुकणे त्याहून वाईट, असे त्याचे मत आहे. कारण या दुसऱ्या चुकीत कुणावर तरी अन्याय होतो, पहिलीत होत नाही.

म्हणजे घराला कुलूप लावा, गाडी लॉक करा, दिवाबत्ती मागा, लेकरांना एकटे लांब पाठवू नका. हा सावधपणा. तो सगळ्यांसाठी सारखा असतो, त्यात कुणा एकावर बोट नसते. मी दाराला कडी लावतो तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या कुणाचाही अपमान होत नाही. पण रस्त्याने जाणाऱ्या एकाकडे बोट दाखवून मी "हाच तो" म्हणतो, तेव्हा कडी लावण्यापलीकडचे काहीतरी केलेले असते. मी निवाडा केलेला असतो, तोही त्याचे म्हणणे न ऐकता.

राईनपाडा आणि गडचिंचले

हा फरक पुस्तकी वाटत असेल, तर आपल्या महाराष्ट्रातल्या दोन तारखा आठवा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. घर सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडे, पोटासाठी गावोगाव फिरणारे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला दिसला, एवढे पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जण मेले. मुले पळवणारे ते नव्हतेच.

१६ एप्रिल २०२०. करोनाची टाळेबंदी. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ रात्री एक गाडी अडवली गेली. गाडीत दोन साधू आणि त्यांचा चालक होता. मुंबईहून सुरतेकडे एका अंत्यविधीला ते निघाले होते. या भागात रात्री चोर फिरतात, मुले पळवणारे फिरतात, अशी हवा तेव्हा होती. गावोगाव लोक रात्रीचा पहारा देत होते. पोलीस तिथे पोहोचले, पण जमावापुढे कुणाचे काही चालले नाही. तिघेही मारले गेले. त्याच आठवड्यात, त्याच अफवेपायी, त्याच तालुक्यात गरिबांना मदत देऊन परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता.

या दोन्ही ठिकाणी दगड उचलणारे हात कुणाचे होते? जन्मजात खुन्यांचे नव्हते. आपल्यासारखीच शेतीवाडी करणारी, लेकराबाळांची माणसे होती. आपल्या मुलांना वाचवतो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. म्हणून तर ही घटना विचार करण्यासारखी आहे. वाईट हेतूने झालेल्या गुन्ह्यापासून आपण स्वतःला सहज वेगळे काढतो. चांगल्या हेतूने झालेल्या गुन्ह्यापासून तसे वेगळे काढता येत नाही.

आणि पायऱ्या पाहा. आधी हवेत शंका. मग मोबाइलवर खात्री. मग रस्त्यावर शिक्षा. तिसऱ्या पायरीवर आपण कधीच जाणार नाही, अशी आपल्याला खात्री असते. पण दुसऱ्या पायरीवर आपण रोज उभे असतो. फोटोखाली "सावध राहा" लिहिणाऱ्याने कुणाला मारले नाही, हे खरे. त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी हाती खात्री दिली, एवढेच. पण पुढच्या माणसाला दगड उचलायला ती खात्रीच लागते.

गडचिंचलेनंतर आणखी एक गोष्ट घडली. ज्याचा ज्याच्यावर आधीपासून राग, त्याने त्याचे नाव घेतले. कुणी मुसलमानांचे, कुणी कम्युनिस्टांचे, कुणी ख्रिस्ती मिशनऱ्यांचे. अखेर तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या शंभरावर लोकांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले. अक्विनसचे दुसरे कारण हेच. अफवेपायी तीन जीव गेले, आणि ते जाताच नव्या अफवा उठल्या. आपण या तालुक्यात मूठभर ख्रिस्ती आहोत. नुसत्या नावावरून संशय घेतला जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

शिक्का बसलेली माणसे

राईनपाड्याला मेलेले लोक भटक्या समाजाचे होते, हा योगायोग नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने पुढे देशभरातल्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तिथे मूल जन्माला येई ते संशयित म्हणूनच. ठरलेल्या हद्दीबाहेर जायचे तर परवाना लागे, पोलिसांपुढे हजेरी लागे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना "विमुक्त" म्हणू लागले. कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. पाल ठोकले की गावात कुजबुज सुरू, कुठे चोरी झाली की पहिली झडती पालावर. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपले आत्मकथन लिहिले, त्याचे नावच "उपरा". ज्याला कुठलेच गाव आपला म्हणत नाही, तो उपरा.

परवाना या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहा. गाडीचा परवाना ही सोय आहे. माणसाला वावरण्यासाठी परवाना लागणे ही मात्र आपल्या इतिहासातली जखम आहे. आपली राज्यघटना प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क देते, तो उगाच नाही.

आपणही कुठेतरी अनोळखी

आता थोडे आपल्याविषयी. दिवाळी झाली, भात घरात आले की आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याण, ठाण्याकडे वीटभट्टीवर, बांधकामावर, मिळेल त्या कामावर जातात. तिथे प्लास्टिकच्या कागदाखाली संसार मांडतात. सकाळी मजूर नाक्यावर उभे राहतात. होळीला घरी यायचे म्हणून दिवस मोजतात.

तिथल्या इमारतीच्या खिडकीतून त्यांच्याकडे कुणीतरी पाहत असते. "ही माणसे कुठली? इथे का बसली आहेत? वॉचमनला सांगा, हटवा त्यांना." आपण इथे ज्या शब्दांत बोलतो, त्याच शब्दांत तिथे आपल्याबद्दल बोलले जाते. आपली आजी, आपला भाऊ, शाळा सोडून सोबत गेलेली आपली पोर तिथे "संशयास्पद व्यक्ती" असते. तिच्याकडे पाहणाऱ्याने चांगले धरून चालावे की वाईट? आपण तिथे ज्याची अपेक्षा करतो, ते इथे दुसऱ्याला देणे, एवढाच तर न्यायाचा अर्थ आहे.

माझेच घ्या. धर्मगुरू हा बदलीचा माणूस. मी पहिल्यांदा जव्हारच्या एस. टी. स्टँडवर पिशवी घेऊन उतरलो, तेव्हा मीही अनोळखीच होतो. एका माणसाने विचारले, "कुठले पाहुणे?" मी सांगितले. त्याने वाट दाखवली.

त्या दोन शब्दांत आपल्या खेड्यांचे मोठे शहाणपण आहे. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तरी आधीच "पाहुणे". आणि तरीही प्रश्न आहेच: कुठले? आपल्या पूर्वजांनी सावधपणा सोडला नव्हता. गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत. पण ते समोर जाऊन, तोंडावर, मानाने विचारत. आणि उत्तर द्यायची संधी देत. आपण आता विचारत नाही. लांबून फोटो काढतो. विचारलेला माणूस उत्तर देऊ शकतो. फोटोतला माणूस देऊ शकत नाही. हल्ली संशय वाढला त्याचे एक कारण मला हेच वाटते.

आणि आपली मुले?

सर्वांत खरी भीती आईबापांची आहे, तिला मी हसण्यावारी नेणार नाही. मुले हरवतात, त्यांच्यावर अत्याचार होतात. पण त्यासाठीच खरे काय ते पाहिले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच सांगतात: मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, विश्वासातला माणूस. सगळे लक्ष रस्त्यावरच्या अनोळखी गाडीकडे लागले की घरातल्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाठ फिरते. मूल काही सांगू पाहते तेव्हा "ते काका तसे नाहीत" म्हणून आपण त्याला गप्प करतो. म्हणजे परक्याबद्दल पुराव्याशिवाय वाईट मानतो आणि आपल्या माणसाबद्दल मूल सांगत असतानाही ऐकत नाही. यात सावधपणा कुठे राहिला?

मग करावे काय?

गाडी अडथळा करीत असेल तर चालकाला सांगावे. ऐकत नसेल तर पोलिसांना सांगावे. टायरची हवा सोडू नये, काच फोडू नये. परवान्याचा किंवा वाहनतळाचा विषय असेल तर सह्या गोळा करून नगर परिषदेत न्यावा.

अनोळखी माणूस दिसला तर जवळ जाऊन विचारावे. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर आणखी एकाला सोबत घ्यावे. पन्नास जणांना नव्हे. खरेच काही गैर दिसले तर ११२ क्रमांकावर फोन करावा. मुलांबाबत काही असेल तर १०९८ आहे. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो. आणि पकडला तरी विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. झडती घेण्याचा, मारण्याचा, बांधून ठेवून व्हिडिओ काढण्याचा अधिकार कुणालाही नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला आणि व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा आहे. पण कायदा तिसऱ्या पायरीवर भेटतो. दुसऱ्या पायरीवर आपल्याला अडवायला आपला विवेकच हवा. म्हणून फोटो पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारावे: हा माणूस माझ्यासमोर उभा असता, तर हेच वाक्य मी त्याला तोंडावर म्हणालो असतो का?

शेवटी एक विचार. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले. याजक गेला, लेवी गेला, आणि परक्या जातीचा शोमरोनी थांबला. क्षणभर कल्पना करा, तो खाली वाकून जखमा बांधत असताना जवळच्या गावातले लोक वळणावरून आले. त्यांना काय दिसले असते? निर्जन रस्ता. रक्ताने माखलेला आपला माणूस. त्याच्यावर वाकलेला एक परका, हात रक्ताने भरलेले, शेजारी त्याचे जनावर उभे. त्या लोकांनी विचारले नसते, तर त्या दिवशी त्या वाटेवर दोन माणसे मेली असती, आणि दुसऱ्याला मारणाऱ्यांना आपण न्याय केला असेच वाटले असते.

या आठवड्यात गल्लीत एखादी परगावची गाडी उभी दिसली, तर नंबरप्लेटच्या आधी आत बसलेल्या माणसाकडे पाहा, आणि जवळ जाऊन विचारा, "कुठले पाहुणे?"

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू